रीनाचा उतारा

"आई, जिवंत माणसाचा उतारा अजून किती वर्षं काढशील?"

आचलच्या त्या प्रश्नानं रुख्मिणीच्या हातून लिंबू ताटलीबाहेर घरंगळलं... अमावास्येची दुपार होती. संध्याकाळी बैठकीच्या खोलीत भूत उतरवणारे महाराज यायचे होते. आणि दर अमावास्येला ज्या भुताच्या नावानं या घरातून भात, लिंबू, कुंकू चौरस्त्यावर जात असे, ते रीना नावाचं भूत तिकडे आंजीला आपल्या बापाच्या घरी चांगलं जेवून-खाऊन होतं! रुख्मिणीला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी, आचल दहावीत असताना, तिच्या दप्तरात एक चिठ्ठी सापडली होती. एका मुलीनं दुसरीला लिहिलेली, पण निव्वळ मैत्रीची नव्हे. खाली नाव नव्हतं. तरी वर्गात आचलशेजारी बसणाऱ्या, तिच्याशी वह्यांची देवघेव करणाऱ्या रीनाचं अक्षर रुख्मिणीनं ओळखलं. आचलचे वडील सदाशिवराव म्हणजे पिपरी मेघेत कापडाचं दुकान चालवणारा मानी माणूस. त्यांनी लेकीला तडक महाराजांपुढे बसवलं. मिरच्यांची धुरी दिली, स्वतःच्या हातानं छडी ओढली... "कोण बोलते? नाव सांग!" महाराज गरजले, आणि त्या गुदमरलेल्या लेकरानं जिची आठवण झाली तिलाच हाक मारली, "रीना..." झालं! सगळ्यांनी हात जोडले. भुतानं आपलं नाव सांगितलं होतं!

आचलचे हात तेव्हा रुख्मिणीनंच धरून ठेवले होते. 'ही तर हिच्या वर्गातली पोरगी,' हे शब्द तिच्या ओठांवर आले आणि तिनं ते गिळले. भूत काय, निघून जातं. पण पोरीचं मनच असं आहे म्हटलं असतं, तर पोरीलाच घराबाहेर काढलं असतं! झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत त्या माउलीनं सहा वर्षं उपास केले, नसलेल्या भुताला भात वाढला, आणि आपण लेकीला वाचवलं या समाधानावर ती जगली.

आज सावंगीहून, नर्सिंगच्या वसतिगृहातून आलेल्या आचलनं ओट्यावर कागदांचा एक गठ्ठा ठेवला.

"माही कादंबरी. पोरापोरींसाठी भयकथा आहे, छापून येऊन राह्यली. वाच तू. आज हा उतारा निघाला, तर मी या घरात पुन्हा पाय ठेवणार नाई, आई."

रुख्मिणी चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचू लागली. जगबुडी झाली होती. वर्धा ओस पडली होती. उरलेली माणसं एका सभागृहात कड्या लावून आरत्या म्हणत होती, कारण बाहेर मेलेले फिरत होते आणि ते आपल्याच माणसांच्या आवाजात बोलत. दार वाजलं की आतून विचारायचे, "कोण बोलते?" एकमेकींवर जीव जडलेल्या दोन पोरी बाहेर हात धरून उभ्या होत्या. मागून पावलं जवळ येत होती. "आई, मी आहे!" धाकटी ओरडली... आत कडीवर तिच्या आईचा हात होता. आईनं आवाज ओळखला, आणि तरीही ती सगळ्यांना म्हणाली, "ही माही पोरगी नाई. भूत आहे."

रुख्मिणीला पुढचं दिसेना.

"मले वाटलं, मी तुले वाचवलं गं!" ती हुंदका देत म्हणाली.

"मिरच्यांनी डोळे जळत होते, तरी मले तुहे हात दिसत होते, आई. तू आता सोडशील, आता सोडशील, असं वाटत होतं..."

संध्याकाळी खोली माणसांनी भरली. "उतारा आण," सदाशिवरावांनी हाक दिली. रुख्मिणी रिकाम्या हातानं आली.

"नाई आणत. रीना भूत नाई, महाराज. जितीजागती पोरगी आहे, आंजीची. आमच्या आचलचा तिच्यावर जीव आहे. मले तवाच माहीत होतं. मी खोटी वागली!"

खोलीत कुजबुज उठली. महाराजांनी डोळे वटारले, "भूत आता आईत शिरलं! धुरी आणा!"

"आणा!" म्हणत रुख्मिणी स्वतःच पाटावर जाऊन बसली. "मी बसते. पण माह्या पोरीले कोणी हात लावायचा नाई!"

कोणीतरी निखारे आणायला उठलं. "थांबा," सदाशिवराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येत नव्हता. आपण भुताला मारलं, पोरीला नव्हे, या एका विश्वासावर त्या बापाला सहा वर्षं झोप लागत होती...

"म्हणजे त्या दिवशी छडीनं... मी कोणाले मारून राह्यलो होतो?"

"आपल्या आचलले," रुख्मिणी म्हणाली.

सदाशिवराव मटकन खाली बसले. महाराज काही बोलत होते, ते त्यांनी ऐकलं नाही. दारातून आचल पुढे आली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, आणि सहा वर्षांत एकदाही न रडलेली ती पोर ओक्साबोक्शी रडू लागली.

"बाबा," ती म्हणाली, "लय दुखलं होतं हो."