अजून एक हात

ज्यांना ही गोष्ट खोटी वाटेल, त्यांनी खुशाल खोटी समजावी. माझ्या आत्याला कुणाला काही पटवून द्यायचं नाही. तिने ती मला एकदाच सांगितली, भाजी निवडता निवडता, वर न बघता.

घडलं ते तिच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सुरुवात झाली ती ऐन दिवेलागणीला.

शेडमध्ये एक जुनी गाडी होती. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची. आतोबांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, तरुणपणीची. आतोबा आणि त्यांचा एकुलता एक मुलगा ती मिळून दुरुस्त करायचे. मुलाच्या खिशात लहानपणापासून नट-बोल्ट खुळखुळायचे, म्हणून सगळे त्याला नट्याच म्हणायचे. गाडी चालायची कमी आणि उघडलेली असायची जास्त. आत्याने जेवायला हाक मारली की आतून आतोबांचं ठरलेलं उत्तर यायचं, "तू हो पुढे, आम्ही येतो." मग तास उलटला तरी कुणाचा पत्ता नसायचा.

बॅटरीच्या कामाचा त्यांचा एक नियम होता. अर्थची वायर, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जाते ती, सोडताना सगळ्यात आधी सोडायची. जोडताना सगळ्यात शेवटी. नट्या स्टिअरिंगमागे बसून विचारायचा, "अर्थ काढली?" बॉनेटखालून आतोबा म्हणायचे, "काढली." मगच पुढचं काम.

आत्या शाळेत मराठी शिकवायची. तिच्या कानाला हे खटकायचं. अर्थ पुल्लिंगी आहे, काढला म्हण, असं ती शेडच्या दारातून बजावायची.

"आई, तुझा अर्थ लागतो," नट्या म्हणायचा. "आमची अर्थ जोडतात."

या वादात त्याने कधी हार मानली नाही.

मग साध्या तापाचं निमित्त झालं... आणि नट्या गेला.

शेडला कुलूप लागलं. घरात दोन माणसं उरली, आणि दोघांनीही त्याचं नाव घेणं टाकलं.

वर्ष होत आलं तेव्हा एक दिवस आतोबांनी कुलूप काढलं. बॉनेट उघडलं. बॅटरीतलं ॲसिड झिरपून तिच्याखालचा ट्रे पार गंजला होता. बोट लावलं तसे पापुद्रे सुटून हातात आले.

"त्याने हे पाहिलं असतं तर मला फाडून खाल्लं असतं," ते आत्याला म्हणाले.

आत्याला हायसं वाटलं. माणूस कामाला लागला म्हणजे सावरेल, असं तिला वाटलं.

आतोबांनी बॅटरी काढली, चार्ज करून आणली आणि मागच्या व्हरांड्यात खाली फळीवर ठेवली. कुजलेला ट्रे कापून काढला. आजूबाजूचा पत्रा तारेच्या ब्रशने घासला आणि ॲसिड मरावं म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला. गल्लीतल्या वेल्डरने मापात नवा ट्रे करून दिला. त्याला प्रायमर लागला, वर ॲसिडला दाद न देणारा काळा रंग. रंगाचे दोन हात पुरे होते. वाळला की बसवायचा, एवढंच काम उरलं होतं.

त्या संध्याकाळी आत्या हाक मारायला गेली.

गाडीच्या छताचा छोटा दिवा लागलेला होता. त्या पिवळट उजेडात आतोबा बसले होते, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. आत्या सवयीने करवादली की दिवा चालू ठेवलाय, बॅटरी उतरेल.

आतोबांनी तिच्याकडे पाहिलं.

"बॅटरी आहे कुठे?"

आत्ताच व्हरांड्यात आत्या त्या बॅटरीला वळसा घालून आली होती.

दिवा मात्र जळत होता...

दुसऱ्या दिवशी आतोबांनी ट्रेला रंगाचा आणखी एक हात दिला. तिसऱ्या दिवशी अजून एक. आत्याने विचारलं की म्हणायचे, रंग नीट बसला नाही, अजून एक हात देतो. वेल्डर एकदा डोकावून गेला आणि म्हणाला की आता या ट्रेत पत्रा कमी आणि रंगच जास्त झालाय. आतोबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

आत्याला सगळं उमगलं. ट्रे बसला की बॅटरी बसणार. बॅटरी बसली की तो दिवा इतर दिव्यांसारखा होणार, नट्याचा राहणार नाही. म्हणून ते काम संपवत नव्हते.

आतोबांचं जेवण सुटलं. गालफडं बसली. खोकला लागला. संध्याकाळ झाली की ते गाडीत जाऊन बसायचे, ते डोळ्यावर झापड आली तरी उठायचे नाहीत.

एकदा आत्याही मागच्या सीटवर जाऊन बसली. तिलाही तो हवा होताच की. तिच्या पोटचा होता.

दिवा लागला. आवाज काहीच नाही...

मग ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली. रिकाम्या सीटचं रेक्झिन हळूहळू खाली दबलं, कुणीतरी आरामात टेकून बसावं तसं.

आत्याला भीती वाटली नाही. तिला रडू फुटलं. तिने आतोबांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा तापाने भाजत होता.

घरी चला, ती म्हणाली. त्यांनी मान वळवली नाही.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "आम्ही येतो."

तेव्हा मात्र ती घाबरली. हे दोघे आता कुठे येणार नव्हते, उलट एकजण दुसऱ्याच्या मागे चालला होता. आणि नट्याचं दुखणंही अशाच साध्या तापाने सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आतोबा तापाच्या ग्लानीत पडले होते. आत्याने वेल्डरला बोलावलं. त्याने ट्रे बोल्टने कसून बसवला. वर रबरी मॅट अंथरली. बॅटरी उचलून ठेवली, पट्टी आवळली, एक वायर जोडली. दुसरीला तो हात घालणार, तोच आत्या म्हणाली की ही राहू दे, मी करते. वेल्डर तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग पाना तिच्या हातात देऊन निघून गेला.

शेडमध्ये आत्या एकटी. एका हातात अर्थची वायर, दुसऱ्या हातात पाना. उभ्या बॉनेटमुळे आतलं काही दिसत नव्हतं. फक्त काचेच्या कडेने उजेडाची एक पिवळी रेघ...

स्प्रिंग कुरकुरली.

"आई... अर्थ जोडला का?"

जोडला म्हणाला तो. जोडली नाही.

हा वाद एवढ्यासाठी जिंकायचा नव्हता तिला. नाही जोडला, आत्ताच सोडते सगळं, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं असतं तर तो थांबला असता, याबद्दल तिला आजही शंका नाही. पण त्याच वेळी घरातून आतोबांच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. ती थांबता थांबेना.

तिने वायर टर्मिनलवर घातली. नट आवळला.

"जोडला रे बाळा," ती म्हणाली.

काचेवरची पिवळी रेघ बारीक होत गेली... आणि दिसेनाशी झाली.

संध्याकाळी आतोबांचा ताप उतरला. त्यांनी भात मागून घेतला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आजही होते. हेडलाइट लागतात, हॉर्न वाजतो. छताचा दिवा तेवढा लागत नाही. बल्ब बदलला, वायर नवी टाकली, दोन इलेक्ट्रिशियननी डोकं खाजवलं. बॅटरी कुणी जोडली, हे आतोबांनी आत्याला आजवर विचारलेलं नाही.

मी आत्याला विचारलं, तुला असं करवलं कसं?

"दोघांतला एक तरी घरी यायला हवा होता ना," ती म्हणाली.

मग बराच वेळ ती एकच देठ खुडत राहिली. मला वाटलं, संपलं. पण संपलं नव्हतं.

तिने उत्तर दिल्यावर नट्या एकच शब्द बोलला होता. "बरं."

पण नेमका तेव्हाच तिच्या हातातला पाना निसटून खाली पडला, आणि त्या खणखणाटात तो ते रागाने म्हणाला की समजुतीने, हे तिला ऐकूच आलं नाही.