रडणाऱ्या पडवीतली सभा

"आप्पा येतायत. डोकी खाली घ्या," वेदिका म्हणाली, आणि चौघंही जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्याआड दडून बसली.

खडपेवाडीच्या शाळेच्या मागे, समुद्राच्या अंगाला, सामानाची पत्र्याची पडवी आहे. मे महिन्याची सुट्टी, त्यात अमावास्या आणि भर दुपारचे बारा. अशा वेळी शहाणा माणूस तिकडे फिरकत नाही. वेदिकाचे आजोबा महिपत आप्पा मात्र आले. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष ना ते, दुसऱ्या कोणाला सांगणार! त्यांनी उंबऱ्यावर नारळ ठेवला, तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घातलं आणि पाठ फिरवून असे सुटले की टोपी एका हाताने धरावी लागली. मागे वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाहायचं नसतंच. नारळ ठेवून मागे बघितलं की तिथलं जे काही असेल ते पाठीशी लागतं, असं वाडीत सगळे मानतात.

आप्पा वळणाआड गेले आणि पडवी रडू लागली.

आधी बारीक कण्हणं आलं. मग आवाज चढला, थांबला, पुन्हा चढला. दाराच्या कडीला वेदिकाची मैत्रीण झारा हिच्या अम्मीने, हाजराने, बांधलेला ताईत लोंबत होता. नारळवाले आणि ताईतवाले, दोघांचेही उपाय करून झाले होते. रडणं काही हटलं नव्हतं.

"ती मला बोलावते," अलिझा म्हणाली.

अलिझा झाराची सहा वर्षांची बहीण. उजवा पाय अधू, पण भीती तिच्या गावीही नव्हती. झाराच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. हेच वाक्य अलिझा हल्ली झोपेतही बोलायची.

आणि या रडण्यामुळेच सगळा घोळ झाला होता. पडवीच्या भीतीने लोकांनी शाळेतून मुलं काढायला सुरुवात केली होती. उद्या दुपारी समितीची सभा होती, आणि शाळा घाटीपलीकडच्या शाळेत विलीन करावी, असा ठराव तिच्यात यायचा होता. बाकीची मुलं घाटी चढतील. अलिझाला ते जमणार नव्हतं.

"अम्मी, तू समितीत आहेस. तू तरी नको म्हण," झाराने सकाळीच विनवलं होतं.

"मीच पहिला हात वर करणार," अम्मी भाकरी थापता थापता म्हणाली होती. "माझ्या लेकीवर नजर आहे त्या जागेची. शिकली नाही तरी चालेल, जिवंत राहू दे." तिचे डोळे भरून आले होते, म्हणून झाराने विषय सोडला. पण अलिझाचं नवं दप्तर खुंटीला लटकत होतं, आणि ते बघून तिला रडू यायचं ते आलंच.

झाराचा चुलतभाऊ हमझा एवढा वेळ पडवीकडे बघतच नव्हता. तो बघत होता समुद्राकडे. त्याच्या अब्बांची होडी बुरोंडीच्या बंदरात असते, त्यामुळे पाणी बघायची त्याला खोडच होती.

"खालचा काळा खडक बुडालाय," तो म्हणाला. "उधाणाची भरती. अष्टमीला आपण इथेच लगोरी खेळलो, तेव्हा भांगाची भरती होती, पाणी जेमतेम. तेव्हा पडवी हूं की चूं करत नव्हती."

"म्हणजे भूत भरती बघून येतं?" वेदिकाने विचारलं.

"अमावास्येचं भूत असेल तर उद्या येणार नाही. समुद्राचं काम असेल तर उद्याही रडेल, फक्त आजच्यापेक्षा उशिरा. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते ना."

"पण उद्यापर्यंत कशाला थांबायचं?" झारा उठली. ती थेट दाराकडे निघाली.

पडवीत मोडकी बाकं एकावर एक रचली होती. आत खारट, थंड वास होता, मासळीच्या टोपलीच्या तळाशी असतो तसा. रडणं आता अगदी जवळून येत होतं, खालून. कोपऱ्यात जमिनीवर गंजका पत्रा पडला होता आणि तो थरथरत होता. हमझाने बाकाच्या मोडक्या पट्टीने तो सरकवला. खाली काळंभोर भोक होतं, फूटभर रुंद. त्यातून गार वारा येऊन झाराच्या तोंडावर आदळला. अलिझा वाकून बघायला पुढे झाली, तशी झाराने तिची वेणीच धरली.

वेदिकाने खडा टाकला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खोल कुठेतरी डुबुक झालं.

"बोअर आहे ही," वेदिका हळू आवाजात म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी शाळेच्या पाण्यासाठी मारली होती. खारं पाणी लागलं म्हणून बुजवली, असं आप्पा सांगतात."

बुजवली कसली! ठेकेदाराने तोंडावर पत्रा टाकला होता, आणि त्याच जागी पुढे पडवी उभी राहिली. खाली कड्यातली घळ लागली असणार. उधाणाचं पाणी घळीत चढलं की आतला वारा भोकातून रडल्यासारखा घुमत वर यायचा.

मुलं धावत आप्पांच्या दुकानात गेली. आप्पांनी अर्धंच ऐकलं. "अमावास्येला पडवीत गेलात?" असं म्हणून त्यांनी चौघांना आंघोळीला पिटाळलं आणि वेदिकाच्या आईला मीठ-मोहऱ्या काढायला सांगितल्या. "ते काम आम्ही पास केलंय. समितीने पाहणी केली आहे."

"कुठून केलीत पाहणी?" वेदिकाने विचारलं.

"इथूनच," आप्पा म्हणाले, आणि मग घाईघाईने गिऱ्हाईकाकडे वळले.

समितीची प्रत्येक सभा आप्पांच्या दुकानाच्या ओट्यावरच व्हायची. खुर्च्या तिथे, चहा तिथे, भजी तिथे. शाळेचं काहीही असो, शाळेत कोणी जायचंच नाही.

"ओटा शाळेकडे जात नाही," झारा म्हणाली, "पण भजी जातील."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून मंडळी ओट्यावर जमली, तर एकही खुर्ची नाही. चहाची किटली नाही. भज्यांचा नुसता वास.

"सभा शाळेत आहे," वेदिकाने सांगितलं. "कांदाभजी गरम आहेत. थंड झाली तर आजी मला बोलेल."

मंडळी कुरकुरत निघाली. अमावास्या कालच झाली होती, त्यामुळे थोडा धीर होता. खुर्च्या पडवीसमोर मांडलेल्या बघून तो धीर सुटू लागला, पण भजी पुढ्यात आल्यावर उठणार कोण? आप्पांनी घसा खाकरला. "तर शाळा विलीन करण्याचा ठराव. हात वर करा."

हाजराचा हात वर गेला आणि पडवी रडू लागली.

खुर्च्या मागे पडल्या. कोणाचा तरी चहा कोणाच्या तरी धोतरावर सांडला. "आज तर अमावास्या नाही," आप्पा पुटपुटले.

"भरती आहे," हमझा म्हणाला. भिजवलेलं गोणपाट घेऊन तो पडवीत शिरला आणि रडणं थांबलं. एकदम थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. "भोकावरचं गोणपाट काढतोय आणि लावतोय," आतून त्याचा आवाज आला. "या बघायला."

कोणी हलेना. शेवटी झाराने अम्मीचा हात धरला. तिला ओढतच आत नेलं.

पडवीत गेल्यावर हाजराने भोक पाहिलं. मग शेजारी सरकवलेला पत्रा पाहिला. गंजून त्याची चाळण झाली होती. त्याच्या मधोमध सुकलेली चाफ्याची फुलं होती आणि अर्धं बिस्कीट.

"हे कोणी ठेवलं?" तिने विचारलं.

"मी," अलिझा म्हणाली. "शाळा होती तेव्हा, मधल्या सुट्टीत. ती रडते ना, म्हणून रोज खाऊ द्यायचे. पत्र्यावर बसलं की तिचं नीट ऐकू येतं."

हाजरा मटकन खाली बसली. तिने अलिझाला इतकं घट्ट धरलं की पोर गुदमरली. दारात उभ्या असलेल्या आप्पांनी टोपी काढली. 

ठराव झाला, पण वेगळाच. बोअर आजच, सगळ्यांसमोर, सिमेंटने बुजवायची. शाळा इथेच राहील. यापुढे सभा शाळेतच भरेल. हाजराचा हात याही वेळी सगळ्यांत आधी वर गेला, आणि तो बराच वेळ खाली आला नाही.

"मोठ्यांनी करायचं काम पोरांनी केलं," आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले. "शाबास. चूक आमची होती."

संध्याकाळी सिमेंट ओलं असतानाच अलिझाने त्याच्याजवळ एक चाफ्याचं फूल ठेवलं. तिला कोणी अडवलं नाही. आप्पांनी पडवीला कुलूप लावलं, सवयीने पाठ फिरवली आणि चालू लागले. फाटकापाशी पोचल्यावर ते थांबले. मग अंगातला सगळा धीर गोळा करून सावकाश मागे वळले, आणि बराच वेळ शाळेकडे बघत राहिले.