ओळीखाली ओळ

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि चिखलीची एक गल्ली समोर आणा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. दिवाळी होऊन गेलेली, कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडे निघालेल्या, रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले. दुपारची वेळ. ओसरीवर सतरंजी, तिच्यावर बुटकं डेस्क, आणि डेस्कापाशी वामनराव मास्तर. शेजारी त्यांची आठ वर्षांची नात मंजुळा. दिसली? आता ऐका.

मास्तरांना दोन भाषा सारख्याच हाताशी होत्या. इंग्रजी शिकवण्यात तीस वर्षं गेलेली, आणि मराठी तर घरचीच. वऱ्हाडातल्या गोष्टींचं पुस्तक करायचं त्यांच्या मनात होतं. नागपूरचा छापखानेवाला म्हणाला होता, एकाच भाषेत द्या. इंग्रजीत दिलं तर दूरदूरचे लोक वाचणार, मराठीत दिलं तर मंजुळा वाचणार. मास्तरांचं काही ठरेना. म्हणून ते शाळेतल्या सवयीप्रमाणे मराठी वाक्य मोठ्याने म्हणत, लिहीत, आणि खाली तेच इंग्रजीत, तेही मोठ्याने. ओळीखाली ओळ.

गोष्टी झुंबरबाईच्या. ती रोहिणखेडची, लेकीकडे चिखलीत राहायला आलेली. रात्री ती सांगायची, आणि मास्तर दुसऱ्या दुपारी लिहायचे, कारण कंदिलात त्यांना अक्षर दिसत नसे.

एकदा ती दुपारीच आली आणि पायरीवर थबकली.

"दिवसा गोष्ट सांगून राह्यले, मास्तर? कोनाचा तरी मामा वाट चुकते नं!"

"मी लिहितोय, झुंबरबाई. सांगत नाही."

"तोंड तं चालूच हाये तुमचं." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "लिवाचंच असंन तं विंग्रजीत लिवा. दिवसा ऐकत बसते, त्याले ते समजत नाही."

"कोणाला?"

झुंबरबाईने पदर सावरला आणि ती आल्या पावली परत गेली.

मास्तर हसले. पण माणूस शाळेतला, ताळा करून पाहणारा. पहिली गोष्ट लिहिली त्या दिवशी मोतीराम गाडीवान चुकला होता. वीस वर्षं मेहकरच्या रस्त्याने जाणारा माणूस, दुसऱ्या सकाळी भलत्याच शिवारात सापडला. दुसऱ्या गोष्टीला उकंडराव चुकला. तिसऱ्या गोष्टीला निवृत्ती, तोही घरापासून दोन शेतांवर. तिघेही एकच सांगत होते की रस्ता सरळच होता. तिघांनाही भाचे होते. भाचे काय, कोणालाही असतात, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं.

तरी चौथी गोष्ट त्यांनी नुसती इंग्रजीत लिहिली. कोणी चुकलं नाही. पाचवी तशीच. सहावी तशीच.

"आबा, मले काहीच समजत नाही आता," मंजुळा म्हणाली.

"मोठी झालीस की समजेल."

"तवा मले गोष्टी कायले पाह्यजेत?"

मास्तरांनी दुसरा कागद ओढला. त्यांनी नागपूरला पत्र टाकलं की पुस्तक इंग्रजीत येईल.

मंजुळेची आई बाळंतपणाला सुलतानपूरला गेली होती. मुलगा झाल्याचं कळलं, आणि निरोप आला की शेषराव मामा गुरुवारी दिवस असता पोचेल आणि मंजुळेला घेऊन जाईल. गुरुवारी सकाळीच तिने आपलं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं.

त्या दुपारी मास्तरांनी सातवी गोष्ट घेतली. नाल्यात उतार शोधणाऱ्या एका गाडीवानाची. भाषा इंग्रजी, म्हणून मनात धास्ती नव्हती. सवयीने प्रत्येक ओळीखाली एका ओळीची जागा कोरी सुटत गेली.

दिवेलागण झाली. मामा आला नाही.

मोतीराम आला, धापा टाकत. "मास्तर, शेषरावची गाडी नाल्यापाशी उभी हाये. बैल जुपलेले, अन् मानूस नाही. म्या हाका मारल्या. ओ देते तो. पन दर डावाले आवाज जास्त दूरून येते." थोडं थांबून तो म्हणाला, "मी मानसं घेऊन जातो," आणि धावत गेला.

मास्तर डेस्कापाशी आले. कंदील वर धरला.

कोऱ्या जागा भरलेल्या होत्या.

प्रत्येक इंग्रजी ओळीखाली तीच ओळ मराठीत. मोठी, जपून काढलेली, नवशिक्याची अक्षरं. चूक एकही नाही.

"मंजे, हे तू लिहिलंस?"

"मले कुठं येते विंग्रजी, आबा?"

मास्तर खाली बसले. तीन गोष्टी त्यांनी ओळीखाली ओळ लिहिल्या होत्या, मोठ्याने म्हणून. तीस वर्षं ते असंच शिकवत आले होते. मन लावून ऐकणारं कोणीही शिकत असे.

फक्त शेवटच्या ओळीखालची जागा अजून कोरी होती. तिच्या आधीच्या मराठी ओळीची शाई ओली होती.

त्यांनी कागद फाडायला हातात घेतला. मंजुळेने त्यांचं मनगट धरलं.

"फाडू नका नं, आबा. मामा तिथं गोष्टीतच राह्यला तं?"

मग ती डेस्काकडे वळली. घाबरलेली दिसत नव्हती. पाठ येणाऱ्या पोराशी बोलावं तसं ती बोलली.

"हुशार हायेस तू. पन आमच्या मामाले येऊ दे. रातच्याले मी तुले गोष्ट सांगत जाईन, आपल्या बोलीत. रोज. जाईन तिथं सांगीन."

तिने आबांच्या हातातला कागद घेऊन डेस्कावर परत ठेवला.

मग मेहकरच्या रस्त्याकडून बैलांची घुंगरं ऐकू आली, आणि शेषरावचा आवाज, अगदी जवळून.

मास्तर धावत बाहेर गेले. मंजुळा गेली नाही. ती सतरंजीवर थोडी सरकली आणि शेजारी जागा करून दिली.