पाचव्या मजल्यावरचे तीन रविवार

दार उघडणाऱ्या माणसाच्या बोटाला पट्टी होती आणि पायात दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. सुखदानं आधी मोजे पाहिले, मग माणूस आणि सगळ्यात शेवटी फ्लॅट. खरं तर ती फ्लॅट बघायला आली होती.

"ब्रोकर ने भेजा है. घर देखना था."

"आइए. मैं किराएदार हूँ, मालिक कनाडा में हैं."

सुखदाच्या पर्समध्ये बाबांच्या सुवाच्य अक्षरातली दोन पानी प्रश्नावली होती. विश्वासराव मंत्रालयातून रिटायर झाले तरी फाईल त्यांच्यातून रिटायर झाली नव्हती. दिल्लीत पहाडगंजच्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर एकतीस वर्षं काढल्यावर आता गाझियाबादचं हे घर विकत घेऊन तिकडे जायचं की नाही हे ते ठरवणार होते, आणि आधी लेकीनं पाहणी करून यावं असा त्यांचा हुकूम होता. पसंत पडलं तरच आईला जिने उतरवायचे.

दोघांची हिंदी प्रश्नोत्तरं छान चालली होती. लिफ्ट? आहे, जनरेटरवरही चालते. पार्किंग? आहे. मग स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात सुखदाला विळी दिसली.

"ही... विळी तुमची?"

त्यानं पट्टीचं बोट वर केलं. "आईनं पुण्याहून पाठवली. सुरीनं चिरलेली भाजी भाजीच नाही म्हणे. मी शार्दूल. आणि दहा मिनिटं तुम्ही माझी हिंदी का ऐकून घेतलीत?"

"तुम्ही माझी ऐकून घेतलीत म्हणून."

तो हसला. हसताना त्याचा एक डावा दात किंचित पुढे यायचा. प्रश्नावलीत दातांचा रकाना नव्हता, पण सुखदानं नोंद घेतली.

"भिंतींना सीलन आहे का?" तिनं घाईनं विचारलं.

"ओल. आपल्याकडे ओल म्हणतात. नाहीये." तो थांबला. "पण बाथरूमचा उतार उलटा आहे. पाणी दाराकडे येतं."

"आणखी काही?"

"असेल तर... पुढच्या रविवारी आठवून सांगतो."

परतीच्या मेट्रोत सुखदा विचारात पडली. घर विकणारे दोष लपवतात, हा स्वतःहून सांगतो. एक तर फारच सरळ आहे, नाहीतर त्याला घर सोडायचं नाहीये. घरापेक्षा भाडेकरूच जास्त चौकशी करण्यासारखा होता.

घरी विश्वासरावांनी उताराच्या नोंदीखाली लाल रेघ मारली. आईनं, अरुणाताईंनी, मात्र एकच विचारलं, "लिफ्ट अगदी दारापर्यंत येते का गं?" दिवाळीपासून गुडघ्यांनी त्यांना घरातच बसवलं होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू तीस वर्षांत पहिल्यांदा चुकलं, आणि मराठी मंडळाच्या बायकांनी वाण वर आणून दिलं तेव्हा त्या सगळ्यांशी हसून बोलल्या, मग आत जाऊन रडल्या. सुखदानं ते पाहिलं होतं.

दुसऱ्या रविवारी शार्दूलनं चहाचे दोन कप समोर ठेवले. "एक नळाच्या पाण्याचा, एक फिल्टरच्या. ओळखा."

पहिल्या घोटालाच तिचं तोंड वाकडं झालं. "हे तर समुद्राचं पाणी."

"खारं आहे. हा दुसरा दोष."

"पहिल्या दिवशी का नाही आठवली?"

"पहिल्या दिवशी मी जरा... गडबडलो होतो."

"कशानं?"

"प्रश्नावलीत आहे हा प्रश्न?"

"नाही. माझा आहे."

त्यानं कपाळावरचे केस उगाच मागे सारले. सुखदाला उत्तर न मिळालेले प्रश्न फार आवडायचे. आठवडाभर तो प्रश्न तिनं ऑफिसच्या लॅपटॉपसमोर, डब्याच्या वेळी आणि देवापुढे दिवा लावतानाही बाळगला.

तिसऱ्या रविवारी बाल्कनीत ऊन पसरलं होतं आणि शार्दूल मटार सोलत होता. तीही चटईवर बसली. बोलता बोलता अहो-जाहो कधी गळून गेलं ते दोघांनाही कळलं नाही. परातीत एकाच शेंगेकडे दोघांचे हात गेले, आणि कुणीच पटकन मागे घेतला नाही. तेवढ्यात मागच्या बाजूनं लग्नाचा बँड सुरू झाला.

"तिसरा दोष," शार्दूल ओशाळून म्हणाला. "मागे बँक्वेट हॉल आहे."

त्या संध्याकाळी विश्वासरावांनी तिसरी लाल रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं. "नको हे घर. उतारवयात ताप नको."

"राहू दे," अरुणाताई म्हणाल्या. "इथं काय वाईट आहे?" आणि खिडकीकडे तोंड केलं. खालचा रस्ता त्यांना आता नुसता दिसत होता, त्यावर चालता येत नव्हतं.

सुखदानं आत जाऊन शार्दूलला फोन लावला. "बाबा नको म्हणाले. तुझं घर वाचलं."

पलीकडून तो म्हणाला, "सुखदा, उतार मिस्त्री एका दिवसात काढून देईल. पाणी आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्यांत तसंच आहे, फिल्टर लागतोच. आणि बँड वर्षातून फार तर वीस दिवस. मला हे सगळं पहिल्याच दिवशी ठाऊक होतं."

"मग एकेक करून का सांगितलंस?"

"एकदम सांगितलं असतं, तर तू पुन्हा कशाला आली असतीस?"

सुखदाला ते ऐकून गोड वाटलं, आणि त्याच क्षणी तिला त्याचा भयंकर रागही आला. "माझी आई तीन महिने खाली उतरलेली नाही, शार्दूल. तुला रविवार हवे होते, पण घर तिचं जातंय."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

ते खरं होतं. तिनं शंभर प्रश्न विचारले होते, स्वतःचं काहीच सांगितलं नव्हतं. तिनं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास बेल वाजली. ब्रोकरकडून पत्ता घेऊन, तीन मजले चढून आलेला शार्दूल दारात धापा टाकत होता. विश्वासरावांसमोर बसून त्यानं, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखं, तीनही दोषांचं खरं मोजमाप सांगितलं. मग अरुणाताईंकडे वळला.

"काकू, साडेदहा ते दोन बाल्कनीत ऊन असतं. लिफ्टपासून दार आठ पावलांवर आहे, मी आज सकाळी मोजली. खाली बागेत बायका विणकाम घेऊन बसतात, त्यात दोन मराठी आहेत. तुम्ही रोज उतराल."

अरुणाताई पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

"आणि आम्ही घेतलं तर तुम्ही कुठं जाणार?" विश्वासरावांनी विचारलं.

"कंपनी पुण्याला बदली देतेय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

सुखदाला हे नवीन होतं. घर घ्या म्हणणं म्हणजे याला जा म्हणणं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. विश्वासरावांची रीत अशी की मोठा निर्णय असला की आधी धाकट्यानं बोलायचं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती आईच्या गुडघ्यांकडे बघत होती.

"घ्यायचं, बाबा," ती म्हणाली. आवाज जरा फाटला, पण म्हणाली.

ती त्याला सोडायला निघाली. मधल्या मजल्यावर तो थांबला. "बरं केलंस. खरंच."

"पुण्याला कळवलंस?"

"अजून नाही. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागेल."

"सांग, दिल्लीत एक मुलगी आवडते."

"ते तर पहिल्या रविवारपासून खरं आहे. पण तिला मी... आवडतो का, ते ठाऊक नाही."

"आवडतोस," सुखदा म्हणाली. "फार. काल रागावले तेव्हाही आवडत होतास. थांब इथंच."

आणि ती पळत वर गेली. दारातच तिनं श्वास घेतला. "आई, बाबा, घराचं झालं. मला शार्दूल आवडतो, आणि त्यानं पुण्याला जाऊ नये असं मला वाटतं."

विश्वासरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. अरुणाताईंनी हातातली वाटी टेबलावर ठेवली.

"तीन रविवार घराचं विचारलं की तू त्याचंच सांगत होतीस," त्या म्हणाल्या. "आम्हाला काय कळत नव्हतं? जा, बोलाव त्याला. नुसत्या पाण्यावर गेला बिचारा."

सुखदानं कठड्यावरून वाकून पाहिलं. शार्दूल मधल्या मजल्यावर होता तिथंच उभा होता, एक पायरीही उतरलेला नव्हता.

"वर ये," ती म्हणाली. "आई जेवायला थांब म्हणतेय."