मास्तरीणबाईंचं रेडिओ स्टेशन

आयली कांगासची गाडी टेकडीच्या वळणावर घसरली आणि नाकासकट बर्फाच्या ढिगात जाऊन बसली. सकाळचे आठ वाजले होते. त्या जानेवारीत उत्तरेकडच्या त्या जुन्या खाणगावात बर्फाने नुसता उच्छाद मांडला होता. सरोवराकडून ढग यायचे आणि रस्ते पुसून टाकायचे. शाळा बंद होऊन आज सहावा दिवस होता.

तिने काच खाली केली, तर वरून एक माणूस उतरत होता. खांद्यावर फावडं, मिशांवर बर्फाचे कण, आणि डोळ्यांत सरळसरळ गंमत.

"गाडी लावायला जागा छान शोधलीत," तो म्हणाला.

"मला वर जायचं होतं. गाडीचं मत वेगळं पडलं."

"वर फक्त रेडिओ स्टेशन आहे."

"तिथेच जायचंय. भांडायला."

तो फावड्यावर रेलला. "कोणाशी?"

"जो कोणी असेल त्याच्याशी."

"म्हणजे माझ्याशी. डेल ट्रेव्हॅरो. तिथली यंत्रं मी सांभाळतो. भांडण इथेच उरकायचं, की आधी गाडी काढू?"

"गाडी काढा. उपकार घेतल्यावरही मला भांडता येतं."

आणि ती भांडली. फावडं चालत होतं आणि हिचं तोंडही. "शाळा बंद म्हणून सकाळी सांगता आणि मग दिवसभर शिकागोच्या कार्यक्रमांच्या टेपा लावून बसता. माझी एकशे दहा मुलं घरात लोळतायत. मला रोज अर्धा तास द्या, मी शिकवते."

"रेडिओवर? भूगोल?"

"फळ्याशिवाय शिकवता येत नसेल तर तो फळ्याचा गुण झाला, माझा नाही."

डेलने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बसा गाडीत, मास्तरीणबाई. मी ढकलतो."

स्टेशन गावातल्या कॉलेजच्या मालकीचं होतं आणि तिथल्या मॅनेजरचं सगळं लक्ष निवृत्तीच्या तारखेकडे लागलेलं. कोण ऐकतंय, बोलू दे बापडीला, असं म्हणून त्याने अर्धा तास देऊन टाकला.

पहिल्या दिवशी लाल दिवा लागला आणि आयलीची वाचाच बसली. वर्गात चेहरे असतात. इथे समोर नुसती काच, आणि काचेपलीकडे डेल. एक क्षण गेला… दुसरा गेला… डेलने तिची गत ओळखली. त्याने कानामागची पेन्सिल काढली, वही उघडली आणि मागच्या बाकावरच्या आगाऊ पोरासारखा हात वर करून बसला.

"मागच्या बाकावरच्याने हात खाली घ्यायचा," ती सवयीने म्हणाली, "पाणी प्यायला धडा संपल्यावर जायचं." आणि मग धडा सुरू झाला तो थेट अर्ध्या तासाने थांबला.

दुसऱ्या दिवशी फोन आले. मुलांचे कमी, म्हाताऱ्यांचे जास्त. एका आजींनी तर धड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मागच्या बाकावर बसतो तो कोण आणि त्याचं लग्न झालंय का.

रस्ते मोकळे झाले, शाळा भरू लागल्या, पण तो अर्धा तास काही बंद झाला नाही. शाळा सुटली की आयली चार वाजता टेकडीवर हजर. बंद पडलेल्या खाणींची नावं, सरोवरातल्या जहाजांच्या वाटा, शुक्रवारी खाणींसाठी इथे आलेल्या म्हाताऱ्या फिनिश माणसांसाठी त्यांच्याच भाषेतून बातम्या. सुरू करायची खूण म्हणून काचेपलीकडे डेल पाच बोटं दाखवायचा आणि एकेक करून मिटायचा. शेवटचं बोट मिटायला तो रोज थोडा जास्त वेळ घ्यायचा… की तिलाच तसं वाटायचं?

"पास्टीत गाजर?" एकदा तिच्या डब्यातली मांस-बटाट्याची भलीमोठी करंजी उघडून तो म्हणाला. "पास्टी मुळात आम्हा कॉर्निश खाणवाल्यांची, आमच्या घरात गाजर घालणाऱ्यांवर विश्वास ठेवत नाहीत."

"मग ठेवा ती इकडे."

"विश्वास नाही म्हणालो. भूक आहे."

मे महिन्यात मॅनेजर निवृत्त झाला आणि कॉलेजच्या कमिटीने ठरवलं, की इथलं सगळं गुंडाळायचं आणि शहरातल्या मोठ्या स्टेशनचेच कार्यक्रम इथून पुढे सोडायचे. बोलावणं नसताना आयली त्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

कमिटीचे अध्यक्ष पेनबर्थी एके काळी खाणीत अधिकारी होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुम्ही शिक्षिका आहात. स्टेशन चालवण्यातलं तुम्हाला काय कळतं?"

"ऐकायची इच्छा नसलेल्या तीस-तीस जणांच्या वर्गांना मी बारा वर्षं ऐकवतेय," आयली म्हणाली. "ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी मला एक वर्ष द्या. नाही जमलं तर कुलूप मी स्वतः लावीन."

कमिटीने तिला मॅनेजर केलं, पण वेळ नोव्हेंबरपर्यंतचाच दिला. शाळेतली पक्की नोकरी सोडून यावं लागेल, ही अट घातली. तिने राजीनामा दुसऱ्याच दिवशी दिला. आईने दोन दिवस भांडी आदळली.

डेलचं बोलणंही बदललं. नव्या खुर्चीत बसून तिने पहिल्यांदा हाक मारली, तर तो दारातच उभा राहिला. "बोला, मिस कांगास."

"मास्तरीणबाई कुठे गेली?"

"आता तुम्ही माझ्या साहेब." त्याने टोपी हातात फिरवली. "गाव लहान आहे. लोक बोलले तर तुम्हाला बोलतील, मला नाही. तुम्ही सगळं सोडून इथे आलाय… माझ्यापायी कमिटीच्या हाती कोलीत नको."

तिने नवं काम काढलं. निवृत्त खाणकामगार, मच्छीमाराची बायको, कॉलेजातली दोन पोरं अशी चौदा माणसं जमवली आणि त्यांचा वर्गच घेतला – श्वास कुठे घ्यायचा, बातमी आधी समजून मग कशी वाचायची. शहरातल्या टेपा एकेक करून मागे पडल्या. शाळा भरणार का, रस्त्यावरचा बर्फ लोटणारा नांगर कुठवर आला, हॉकीत कोण जिंकलं, कोणाच्या घरी मयत झालं… गाव आपलंच बोलणं ऐकू लागलं. काचेपलीकडची बोटं मात्र आता झटकन मिटत होती.

नोव्हेंबरात दूरच्या मिलवॉकी शहरातल्या एका स्टेशनचा फोन आला. ट्रेव्हॅरो नावाच्या माणसाने आमच्याकडे अर्ज केलाय, तुमचं काय मत?

आयलीने खिडकीबाहेर पाहिलं. डेल टॉवरच्या पायथ्याशी वाकून काहीतरी घट्ट करत होता. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. "त्याच्याइतका चोख माणूस मी पाहिला नाही," ती म्हणाली. "मिळत असेल तर सोडू नका." फोन ठेवून तिने खिडकीचा पडदा ओढला.

त्यानंतरच्या बुधवारी गारठलेला पाऊस पडला. पडेल तिथे गोठणारा. टॉवरवर बोटभर बर्फ चढला, वरची केबल तुटली आणि स्टेशन मुकं झालं. शुक्रवारी कमिटीची शेवटचा निर्णय घेणारी बैठक होती. आयली बाहेर धावली, तर डेल कमरेला पट्टा बांधत होता.

"चढू नका."

"परवा बैठक आहे. बंद स्टेशन घेऊन कमिटीपुढे काय सांगणार?"

"जे झालं ते सांगेन."

"मे महिन्यापासून राबलात यासाठी. मला तासभर लागेल."

वाऱ्याने बर्फाचा एक तुकडा वरून सुटला आणि शेडच्या पत्र्यावर फुटला. दोघंही दचकली.

"हा साहेबांचा हुकूम आहे?" डेलने विचारलं.

"हो, हुकूम आहे." मग तिचा आवाज उतरला. "आणि हुकूम नसता तरी… डेल, तू वर जायचं नाहीस."

त्या 'तू'वर तो थांबला. हळूहळू पट्टा सोडला आणि शेडमध्ये निघून गेला.

शुक्रवारीही वारा होता, स्टेशन मुकंच होतं. आयली बैठकीत उभी राहिली, तोच पेनबर्थींनी हात वर केला. "थांबा. तीन दिवस माझ्या घरचा फोन खाली ठेवता आलेला नाही. शाळा आहे का, नांगर कुठे आहे, स्टेशन कधी सुरू होणार… मी काय रेडिओ आहे? आमची बायको तर चार वाजता बंद रेडिओसमोर जाऊन बसते." कोणीतरी हसलं. ते हसले नाहीत. "स्टेशन राहील. त्यावर आता चर्चा नको. पण एक सांगा. ट्रेव्हॅरो बुधवारीच चढायला निघाला होता म्हणे. तुम्ही अडवलंत?"

"हो. अशा वाऱ्यात चढणं नियमात बसत नाही."

एवढं पुरलं असतं. ती बसणारही होती. पण बसली नाही.

"आणि तो माणूस मला हवा आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी. त्याचं मन मला ठाऊक नाही, माझं आहे. हे कमिटीने दुसऱ्या कोणाकडून ऐकू नये. यापुढे त्याच्या कामाचा शेरा कॉलेजने द्यावा, मी देणार नाही."

चिटणीसबाईंनी पेन उचललं. "यातलं नोंदवायचं काय? पहिलं की दुसरं?"

"दोन्ही," पेनबर्थी म्हणाले. "आणि पुढचा विषय घ्या."

शनिवारी वारा पडला. ऊन आलं, टॉवरवरचा बर्फ कोसळून मोकळा झाला. डेल सकाळीच वर चढला. खाली आयली वॉकीटॉकी कानाशी धरून उभी होती. मान दुखेपर्यंत वर पाहत होती.

"केबल जोडली," वरून आवाज आला. मग खरखर… मग पुन्हा तो. "मिलवॉकीवाल्यांनी मला सांगितलं, तू काय बोललीस ते. इतकं कौतुक? घालवून द्यायचं होतं?"

"मार्क कापायला जागा सापडली नाही."

"मी नकार कळवलाय त्यांना."

तिने वॉकीटॉकी घट्ट धरला. "कधी?"

"बुधवारी. पट्टा सोडून शेडमध्ये गेलो ना, तेव्हाच." थोडं थांबून तो म्हणाला, "कमिटीतलंही कळलं. चिटणीसबाई माझ्या मावशीच्या शेजारी राहतात."

"मग?"

"मग… तीनशे फुटांवरून विचारू, की खाली येऊन?"

"खाली ये. आणि सावकाश. एकेक पायरी बघून."

तो इतका सावकाश उतरला की तिला वाटलं आता संध्याकाळ होणार. शेवटी बूट बर्फात टेकले. त्याने हातमोजे काढले. बोटं थंडीने लाल झाली होती. तिने ती आपल्या दोन्ही हातांत घेतली.

डेलने लग्नाचं विचारलं. अडखळत, मध्येच थांबत, एकदा तर वाक्य पहिल्यापासून सुरू करत. उत्तर केव्हापासून आयलीच्या ओठांवर होतं. पण बारा वर्षं वर्गात काढलेली बाई ती. समोरच्याचं बोलणं तिने कधी अर्ध्यात तोडलं नव्हतं. तिने त्याला शेवटच्या शब्दापर्यंत पोचू दिलं, आणि मग हो म्हणाली.