दोघांसाठी मांडलेली खोली

या खोऱ्यातलं गरम झऱ्याचं एकही ऱ्योकान असं नाही, जिथे मी गेलो नाही. झाडून सगळी पाहुणघरं पालथी घातलीत. आता गेलो म्हणजे मागच्या दारानं, पाहुण्यांच्या बॅगा टाकायला, आणि पाण्यात पायाचं बोट बुडवायलाही कुठल्या मालकिणीनं दिलं नाही, तो भाग निराळा. स्टेशनवरून पाहुणे आणायची गाडी चालवायचो मी. पण माहिती आहे ती आहेच.

म्हणून तर माझी नात नागिसा काल रात्री जेवणं झाल्यावर मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. तिला दोन दिवस गरम पाण्यात पडून राहायचं होतं. बाहेर बर्फ पडत होता. आम्ही खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या रजईत पाय घालून बसलो होतो. तिचा चुलतभाऊ तात्सुमा संत्री सोलत होता आणि साली माझ्या बाजूला सरकवत होता.

"आजोबा, हे खोऱ्याच्या टोकाचं कसं आहे?"

मी फोटो पाहिला. पांढरं दुधासारखं पाणी, बांबूची भिंत, वर देवदार.

"चांगलं आहे. जा. फक्त फोनवर माणसं किती ते खरं सांग. तोकुजीनं खोटं सांगितलं होतं."

"कोण, चटईवाले तोकुजीकाका?" तात्सुमानं विचारलं.

"तोच. तो मोठा दिवा घालव आधी."

"का?"

"विजेचं बिल मी भरतो म्हणून."

त्यानं दिवा घालवला. मी सुरुवात केली.

तीन वर्षांपूर्वीची, तीन फेब्रुवारीची रात्र. दाणे फेकायची. घराघरांत भाजलेले सोयाबीन फेकून राक्षसांना बाहेर हाकलतात आणि कर्ता पुरुष राक्षसाचा मुखवटा लावून मार खातो. तुमच्या बापांनी त्या निमित्तानं माझ्यावर किती सूड उगवलाय ते त्यांनाच विचारा. तोकुजीला पोरबाळ नाही. मुखवटा त्यानं घातला, दाणे बायकोनं, मासुएनं घेतले. त्या दिवशी गळक्या नळावरून दोघांचं आधीच वाजलेलं. मासुएनं दाणे फेकले नाहीत, हाणले. दाणे संपल्यावर डबा हाणला. 'राक्षस बाहेर' म्हणत नवऱ्याला खरोखर बाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

"मासुएकाकूंनी?" नागिसा हसली. "काहीतरीच. त्या तर मांजरालासुद्धा 'बसा' म्हणतात."

"आत्ताच्या, हो. मी तेव्हाच्या मासुएचं सांगतोय. मधे बोलू नकोस."

तोकुजीला टेंगूळ आलं होतं. तो गाडीत बसला आणि ठरवलं, आज घरी जायचं नाही, चांगल्या ऱ्योकानात आरामात झोपायचं. फोन लावला. पलीकडून विचारलं, किती जण? एक. जागा नाही. दुसरीकडे लावला. एकटेच? का बरं? का म्हणजे काय, असं तो म्हणतोय तोवर फोन बंद. एकट्या पाहुण्याला जुनी ऱ्योकानं अजून टरकतात. त्यांना वाटतं, हा जिवाला कंटाळून आलाय, सकाळी आपल्यालाच निस्तरावं लागणार.

तिसरा फोन टोकाच्या त्या ऱ्योकानात. तोकुजी शहाणा झाला होता. म्हणाला, दोघं. मी पुढे येतो, बायको शेवटच्या गाडीनं येतेय. नाव मासुए.

पोचला तेव्हा मालकीण दारातच उभी होती. नमस्कार केला, पण नजर त्याच्या पाठीमागच्या बर्फावर.

"बाई कुठे आहेत?"

"येतेय."

"नक्की?"

"येईल हो."

"यायलाच हव्यात. दोघांचं मांडून झालंय आमचं."

खोलीत सगळं जोडीनं. दोन ताटं, दोन झगे, लागून लागून दोन गाद्या. तोकुजीनं आपला मासा खाल्ला. मग बायकोचाही खाल्ला. कुणी विचारलं तर काय सांगायचं, याचा विचार करत तो आडवा झाला. आणि खरं सांगू? तो मला म्हणाला, "गेनझो, ती शेजारची गादी बघवेना. सकाळी उठून जातो आणि नळ दुरुस्त करतो, असं ठरवलं होतं मी."

तेवढ्यात कागदी दाराबाहेर मोलकरीण बसली. सावली दिसली.

"बाई पोचल्या. तुमच्याशी बोलायचं नाही म्हणाल्या. थेट कुंडावर गेल्यात."

तोकुजी उठून बसला. त्याला वाटलं, आली. भांडायला का होईना, माझ्या मागे आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याचे डोळे भरून आले. शहाण्या माणसानं विचार केला असता, की गावाचं नाव न सांगता निघालेल्या नवऱ्याचा पत्ता हिला लागला कसा. पण तो तोकुजी.

तो पुरुषांच्या कुंडात जाऊन बसला. उघड्यावरचं कुंड. वाफ. बर्फ. मधे बांबूची भिंत. भिंतीपलीकडे बायकांच्या बाजूला पाणी हललं.

"मासुए?"

तो भिंतीजवळ सरकला.

"टेंगूळ आलंय बघ. डबा मारायची काय गरज होती?"

पाणी हललं. मग आवाज आला.

"चूक माझीच."

तोकुजी मला म्हणाला, "गेनझो, अंगावर काटा आला. ती असं म्हणणार नाही. मेली तरी म्हणणार नाही."

तात्सुमानं संत्रं खाली ठेवलं.

तोकुजी तसाच ओल्या अंगानं कपडे काढायच्या खोलीत आला. टोपलीतून मोबाइल काढला. घरी लावला. वाजत राहिला... वाजत राहिला... उचलला.

"कोण मेलं या वेळी?"

मासुएच. शंभर टक्के.

"मी," तो म्हणाला.

"तू? मर तिकडेच."

आणि भिंतीपलीकडून... हळू...

"मर तिकडेच."

फोनमधून मासुए म्हणाली, "आहेस कुठे? कोण आहे तिथे? बाई आहे का?"

पलीकडून...

"बाई आहे का?"

तोच आवाज. पण जरा मागून. शाळेत पोरगं बाईंच्या मागून धडा म्हणतं ना, तसा. आणि दरवेळी आधीपेक्षा बरा.

"तोकुजी, बोल ना रे," मासुए म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला.

"बोल ना रे," पलीकडून आलं. तंतोतंत.

मग पाणी थांबलं.

काही नाही. वाफ. बर्फ.

"मासुए," तो म्हणाला.

"थांब. दार वाजतंय... अरे, बाहेर तूच आहेस होय? मग फोन कशाला केलास?"

"उघडू नकोस."

"काय?"

"मासुए, उघडू नकोस..."

कडी काढल्याचा आवाज आला.

मग काहीच नाही.

तो झग्यावरच पळाला. दारात मालकीण उभी. पुन्हा नमस्कार.

"बाई आत्ताच पुढे गेल्या. घाईत होत्या."

बर्फात तासाभराचा रस्ता. कसा आला त्यालाच माहीत नाही. दाराला कडी घातलेली नव्हती. आत दिवा. सगळे दाणे झाडून गोळा केलेले. मासुए बसली होती. समोर चहा. दोन पेले.

"आलात?" ती हसली. "दमला असाल. चूक माझीच होती."

तोकुजी दारातच उभा राहिला. तिनं पेला पुढे केला. तिच्या बोटात आईची चांदीची अंगठी असायची, कधी न काढलेली. दुपारी भांडतानाही चमकत होती.

ती काळीठिक्कर पडली होती.

त्या कुंडासारख्या गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, हे मी सांगायला नको. आणि आमच्या गावात गंधकाचं पाणी थेंबभर नाही.

त्या दिवसापासून घरात एकदाही भांडण नाही. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. तोकुजी हल्ली दुकानातच झोपतो, चटयांवर.

मी थांबलो. तात्सुमा रजईत गळ्यापर्यंत शिरला होता. त्याच्या पायाला मी खालून हळूच बोट लावलं, तर तो मेजासकट उडाला. पोटभर हसलो मी. नागिसा मात्र हसली नाही. मोबाइलकडेच बघत होती.

"घाबरलीस ना?" मी म्हटलं. "म्हणून सांगतो, पोरीच्या जातीनं एकटीनं जाऊ नये. मला ने बरोबर. बॅगा मी उचलतो, खर्च तू कर."

"एकटी कुठे जातेय मी, आजोबा? मासुएकाकू येतायत. ऱ्योकान त्यांनीच निवडलंय."