तहान ऐकणारी काठी

नवी शेतीयंत्रं पाहायच्या दौऱ्यावर आलेल्या तीस-पस्तीस शेतकऱ्यांनी सकाळपासून बरंच काही पाहिलं होतं. चालकाविना द्राक्षांच्या ओळींतून फिरणारा फवारणीचा ट्रॅक्टर, टोमॅटोची रोपं लावणारा यंत्राचा हात. चहा झाल्यावर यंत्रांच्या कंपनीची मार्गदर्शक मृण्मयी देवरे हिने एक साधीशी काठी द्राक्षवेलीच्या बुंध्याशी रोवली आणि तिला जोडलेला हेडफोन शालनताई मोगल यांच्या हाती दिला.

शालनताई पाणीवापर संस्थेच्या सचिव. कालव्यातून निघालेल्या या चारीवर कुणाच्या रानात किती तास पाणी सोडायचं, हे सहा वर्षं त्याच ठरवत आल्या होत्या. त्यांना ऐकू आलं ते एवढंच : टक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्.

"हा वेलीचा आवाज आहे, ताई," मृण्मयी म्हणाली. "पाणी कमी पडलं की खोडातल्या बारीक नळ्यांमधली पाण्याची धार ताणली जाते, तुटते आणि तिथे बुडबुडा फुटतो. आपल्या कानांना तो आवाज टिपता येत नाही. स्पेनहून आलेली ही श्रवणकाठी तो आपल्याला ऐकू येईल असा करते. पानं माना टाकण्याच्या तीन-चार दिवस आधीच कळतं."

"म्हणजे हिला तहान लागलीय?"

"थोडी. ती मीच लावलीय," बागेचे मालक जयवंतराव म्हणाले. "काढणीआधी पाणी तोडलं की मण्यांत गोडी भरते."

मागून निवृत्तीतात्या पगार पुढे आले. चारीच्या अगदी शेवटाला त्यांची दोन एकर ढोबळी मिरची. आपल्यापर्यंत पाणी पुरत नाही, हे ते दोन वर्षं प्रत्येक बैठकीत उठून सांगत. आणि तास सगळ्यांना सारखेच मिळतात, पीकही चांगलं दिसतंय, असं शालनताई दर वेळी त्यांना सुनावत.

"ही काठी माझ्या रानात लावता येईल का?" तात्यांनी विचारलं.

मृण्मयीने घड्याळ पाहिलं. अजून दोन यंत्रं दाखवायची राहिली होती. पण शालनताईच म्हणाल्या, "चला. एकदाचं होऊन जाऊ दे."

तात्यांच्या रानात मिरची हिरवीगार उभी होती. वरची मातीही ओलसर दिसत होती. आता बैठकीतली कटकट संपली, असं शालनताईंच्या मनात आलं आणि त्यांनी हेडफोन कानांना लावला.

कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सुरू झाला. तो थांबेचना. त्यांनी हेडफोन काढून तात्यांना दिला. तात्यांनी तो कानांना लावला.

"मी सांगायचो, तर तुम्ही म्हणायचात, पीक तर चांगलं दिसतंय," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता; तो असता तर बरं झालं असतं, असं शालनताईंना वाटलं.

"तास सारखे दिले, तात्या. पण वरची रानं पाणी ओढतात आणि इथवर धार निम्मीच येते, ते कधी येऊन पाहिलं नाही. चुकलं माझं."

सगळ्यांसमोर असं कबूल करायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. जयवंतराव पुढे येऊन म्हणाले, "आजची पाळी माझी आहे. ती तात्यांना द्या. माझ्या बागेला चार दिवस तहानच बरी."

शालनताईंनी चारीची दारं उघडणाऱ्या पाटकऱ्याला फोन लावला. "दार फिरव. आणि पुढच्या आवर्तनापासून पाणी आधी शेवटच्या रानाला, मग वरच्यांना द्यायचं. बैठकीत मी सांगते सगळ्यांना."

पाणी पोचायला दुपार झाली. तोवर कंपनीच्या दुसऱ्या माणसाबरोबर दौरा पुढे गेला होता. मृण्मयी आणि शालनताई मात्र काठीपाशी थांबल्या होत्या. सरीतून पाणी मुरलं, तासाभराने तडतड विरळ झाली, मग अधूनमधून एखादं टक्. तात्या हेडफोन काढायला तयार नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

निघताना शालनताईंनी काठी उपटली आणि सहज म्हणून बांधावरच्या जुन्या करंजाच्या बुंध्याशी रोवली. चारी सिमेंटची झाल्यापासून त्याच्या मुळांना मिळणारा पाझर बंद झाला होता. त्यांनी हेडफोन कानांना लावला, तर तडतड पुन्हा सुरू.

"काय म्हणतंय?" तात्यांनी विचारलं.

"यालाही हवंय," त्या म्हणाल्या. "पण तात्या, याच्यासाठी बैठकीत तास कोण मागणार?"